रुखवताचा डिनर सेट

जळकोट
१८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

शिवरंजनी,

चिरंजीव, सौभाग्यवती, अनेक आशीर्वाद, थोरलीनं धाकटीला जे काय लिहायचं असतं ते तुझं तू वर लिहून घे. माझा हात वळत नाही.

सात वर्षांत तुला एक ओळ लिहिली नव्हती. फोनवर तू ब्लॉक आहेस आणि तिथंच ऱ्हा. फोनवर तू मधेच तोंड घालतेस, आणि आज मला मधे बोललेलं खपणार नाही. म्हणून कागद. पुण्याला जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडं हे पाकीट देतेय. तुझं उत्तरही त्याच्याकडंच दे.

माझी ज्ञानू परवा रविवारी सासरहून घरी आलीय. लग्नाला अजून पंधरा दिवस झाले नाहीत. जावई तिला मोटरसायकलवर सोडून गेले. चहा घेतला नाही, उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही. "थोडे दिवस ऱ्हाऊ द्या हिला," एवढंच म्हणाले. गौरीशंकर तसा शांत माणूस. येरमाळ्यात पाण्याच्या मोटारींचं रिवाइंडिंग करतो. शांत माणसानं असं मान खाली घालून बोलावं याचा अर्थ तुला सांगायला पाहिजे का?

आणि हे सगळं कशापायी? तुझ्या त्या डिनर सेटपायी! काय थाटात पाठवला होतास. बारा प्लेटा, कडेनं निळ्या कवड्यांची माळ, मधोमध निळ्या रंगात गौरीशंकर आणि शेजारी लालभडक ज्ञानेश्वरी. रुखवताच्या टेबलावर बायका गोळा झाल्या होत्या. "भुवनाक्का, तुमीच रंगवलं असंल, दुसऱ्याचा हात न्हाई हा," म्हणत होत्या. मी व्हय म्हटलं नाही आणि न्हाई पण म्हटलं नाही.

आता रुखवत म्हणजे काय असतं? लग्नात मांडायचं, फोटो काढायचे, सासरी गेलं की काचेच्या कपाटात ठेवायचं आणि दिवाळीला धूळ पुसायची. माझ्या स्वतःच्या रुखवतातला कापसाचा नंदी अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. पण आमच्या विहीणबाई नीलम्मा पडल्या वेगळ्या. मागच्या आठवड्यात सोमवारी घरी पाहुणे होते. नीलम्मांनी कपाट उघडलं आणि सगळ्या प्लेटा खाली काढल्या. त्यांची जाऊ म्हणाली, अहो रुखवताचा सेट हाय. तर म्हणे, "जेवायच्या प्लेटा हायत, जेवायच्या न्हाईत तर का ओवाळायच्या?" गव्हाची गोड हुग्गी वाढली, चिंचेची आमटी वाढली, वर लिंबू पिळलं. सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं. मग नव्या सुनेनं प्लेटा घासल्या. पुसून मांडल्या तर काय? बाराच्या बारा प्लेटांवर गौरीशंकर आहे, ज्ञानेश्वरी नाही. एकीवरही नाही! कवड्यांची माळ जशीच्या तशी, नवऱ्याचं नाव जसंच्या तसं, आणि माझ्या पोरीचं नाव जिथं होतं तिथं पांढरं.

घासल्या कुणी? तिनं. एकटीनं. जानेवारीत तिनं लग्नाला नाही म्हटलं होतं हे त्या घराला ठाऊक आहे. बी.फार्मसीचं शेवटचं वर्ष, परीक्षा होऊ द्या म्हणत होती. त्यांनीच मोठ्या मनानं सांगितलं, इथून परीक्षा दे, कॉलेजला सोडायला आमचा पोरगा येईल. आता चुलतसासू म्हणते, पोरीनं तारेची घासणी घेऊन मुद्दाम खरवडलं. नवऱ्याचं ठेवलं, आपलं पुसलं. नांदायचंच नाही हिला.

प्लेट मी बघितली. ज्ञानूनं एक पिशवीत घालून आणलीय. खरवडल्याचा एक ओरखडा नाही. वरचा काचेचा थर गुळगुळीत आहे. लाल कच्चा होता, शिवरंजनी. भाजलाच नव्हता! चौदा वर्षं आपल्या अप्पांच्या हाताखाली भट्टीवर काढलीस, आणि पांढऱ्या भांड्यावर रंग लावून न भाजता पाठवतेस? लाज नाही वाटली?

मी जाऊन सांगितलं तर म्हणतील, आई लेकीवर पांघरूण घालतेय. माल तुझा, चूक तुझी. येरमाळ्याला जायचं, नीलम्मांपुढं उभं राहायचं आणि सांगायचं. कधी येतेस ते कळव.

भुवनेश्वरी


जळकोट
२४ फेब्रुवारी

शिवरंजनी,

तुझं उत्तर मिळालं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच. मी विचारतेय कधी येतेस, आणि तू मलाच विचारतेस, "अक्का, बॉक्समध्ये चिठ्ठी होती, ती मिळाली नाही का?"

कसली चिठ्ठी? लग्नाचं घर होतं ते! आचारी, मांडव, पाहुण्यांच्या गाद्या, त्यात तुझा तो लाकडी खोका, वर हातभर पेंढा. पेंढ्यात काय होतं नि काय नव्हतं ते मी निवडत बसू? पेंढा गेला गोठ्यात. म्हैस वाचायला शिकली असेल तर तिला विचार.

आणि पुढं लिहितेस, "कच्चा लाल आणि भाजलेला लाल तुला हात न लावता कळतो. भाजलेला चमकतो, कच्चा मातकट दिसतो. तुझ्या नजरेतून कसा सुटला?" वा गं वा! आता मला शिकव. तुला ब्रश धरायला कुणी शिकवलं? टर्पेंटाइनमध्ये रंग घोटताना तुला चक्कर यायची, तेव्हा कांदा कुणी फोडून नाकाशी धरला? खुर्ज्याहून कोऱ्या कपांचा माल आला की एकेकाला टिचकी मारून बद्द वाजणारा बाजूला कसा काढायचा, हे तुला पुण्यात कळलं का इथं?

लेकीचं लग्न होतं माझ्या. मी प्लेटांकडं बघणार का पोरीकडं?

तू मुद्द्यावरून पळू नको. पळायची सवयच आहे तुला. सात वर्षांपूर्वी अशीच निघालीस. अप्पा जाऊन तीन महिने झाले नव्हते. या हायवेवर चहाच्या टपरीशेजारी गोणपाट अंथरून त्यांनी कप विकायला सुरुवात केली, कर्ज काढून भट्टी बसवली, प्रत्येक कपाखाली बारीक अक्षरात 'वीरप्पा, जळकोट' लिहिलं. हैदराबादच्या गाड्या थांबायच्या त्या नावासाठी. आणि तू काय केलंस? छत्तीस कपांच्या बुडाला स्वतःचं नाव टाकलंस. मेलेल्या माणसाचं नाव काढून स्वतःचं!

ते छत्तीस कप दुकानाच्या पायरीवर कसे फुटले, ते तू अणदूरच्या मावशीपासून सगळ्यांना सांगितलंस. फुटले. माझ्या हातून फुटले, बरं? एक न्हाई, दोन न्हाई, छत्तीस फोडले. शेवटचे चार फोडताना हात दुखत होता, तरी फोडले. पण तू बॅग भरून गेलीस ते गेलीसच.

ज्ञानू इथं गप्प गप्प आहे. पुस्तक उघडून बसते, पान उलटत नाही. मी तिला विचारलं पण. एकदा नाही, चारपाचदा. ताट वाढताना, वेणी घालताना. "ज्ञानू, खरं सांग बाळा, तू तर न्हाई ना पुसलंस?" आईनं विचारायलाच पाहिजे. ती नुसती बघते.

पोटात काय रंग गेला कुणाच्या, याचाही मला घोर लागलाय. डबीवर शिसं नाही असं लिहिलेला रंग वापरलास ना, तेवढं तरी कळव. आणि यायची तारीख कळव.

भुवनेश्वरी


जळकोट
३ मार्च

शिवरंजनी,

रंगात शिसं नाही हे कळवलंस, बरं केलंस. नीलम्मांकडं सगळे धडधाकट आहेत, ज्ञानूच्या नणंदेनं फोनवर सांगितलं.

मिनाजचं तुला माहीत आहे. अकरा वर्षं माझ्याकडं किनार काढते. खारीच्या केसाच्या ब्रशानं तिच्यासारखी रेघ या जिल्ह्यात कुणी ओढत नाही. काल तिचा पहिला रोजा. सकाळी आली, ब्रश हातात घेतला नाही. माझ्यासमोर उभी ऱ्हायली.

"अक्का, ज्ञानूचं काय ठरलं?"

मी म्हटलं, "काय ठरायचंय? ती पुण्याची बया येऊन कबूल करेल तेव्हा ठरंल."

"काय कबूल करंल?"

"कच्चा माल पाठवला म्हणून."

"अक्का," ती म्हणाली, "ती चिठ्ठी मी पन वाचलेली हाय. तुमी मोठ्यानं वाचली हुती. माझ्यापुढं."

मी तिच्यावर असा आवाज चढवला की रस्त्यापलीकडचा पंक्चरवाला बघायला आला. काय काय बोलले ते लिहीत नाही. पगार घेतेस माझा आणि बाजू पुण्याची, हेही बोलले. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रोजे चालू हायत. मी कुणाच्या दारात सांगायला जानार न्हाई. पन मला कुणी इचारलं तर मी खोटं बोलनार न्हाई. माझी पोरगी असती तर मी हितपर्यंत थांबले नसते." आणि बसली जाऊन किनार काढत.

तर व्हय. वाचली होती. घे. झालं समाधान?

पाठ आहे मला तुझी चिठ्ठी. "अक्का, निळा आठशेवर भाजून झालाय. लाल तेवढा कच्चा आहे. माझ्या भट्टीची कॉईल जळाली, नवी यायला दहा दिवस लागतील. तुझ्या भट्टीत सातशे चाळीसवर एक फेरी दे. तुझ्याशिवाय कुणाला सांगू."

लग्नाला सहा दिवस होते. भट्टी रिकामी होती. सकाळी लावली असती तर दुसऱ्या दिवशी दुपारी प्लेटा गार होऊन बाहेर आल्या असत्या. मिनाज म्हणालीसुद्धा, "लावू का अक्का?" मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे. रुखवताचा सेट हाय. कोण जेवतंय त्यात?"

तुला वाटेल आळस केला. आळस नव्हता. तुला कारण पाहिजे ना? ऐक मग. माझ्या घरात भट्टी. माझ्या हातात ब्रश. हायवेवर माझ्या दुकानाची पाटी. आणि माझ्या पोटच्या पोरीनं रुखवताचा सेट मागितला तो तुझ्याकडं! माझ्या पाठीमागं. खोका दारात आला तेव्हा मला कळलं की तुम्ही दोघी वर्षानुवर्षं फोनवर बोलताय. कधीपासून बोलताय? मी घराबाहेर गेले की बोलायचा का? मी तिला म्हटलं, आईनं करून दिला नसता का? तर म्हणाली, "तू केलं असतंस आई, पण मावशीची कवड्यांची माळ मला लई आवडते." मला आवडते म्हणे! कवड्यांची माळ मी काढलीय पहिल्यांदा, तुळजापूरला देवीच्या गळ्यात बघून. तुला मी दाखवली ती!

आणि वर तू लिहितेस, तुझ्याशिवाय कुणाला सांगू. सात वर्षांनी. तुझी कॉईल जळाल्यावर.

तुझं काम माझ्या भट्टीत घालायचं नव्हतं मला. बस. एवढंच होतं. ते लाल नाव मातकट दिसत होतं, मला टेबलावर मांडताना दिसत होतं, आणि मी मांडलं.

चिठ्ठी फाडली नाही. साडीच्या घडीत आहे.

पण हे तुला सांगितलं म्हणजे मी येरमाळ्याला सांगणार असं समजू नको. विहीणबाईंच्या दारात जाऊन काय सांगू? माझ्या पोरीचं नाव मीच कच्चं ठेवलं? चाळीस वर्षांचं अप्पांचं नाव आहे भाजलेल्या रंगाचं. या पंचक्रोशीत लोक म्हणतात, जळकोटच्या कपावरचा रंग कप फुटला तरी जात नाही. उद्या सगळे म्हणतील, स्वतःच्या लेकीला कच्चा माल दिला बाईनं. कोण येईल दुकानात?

तू काहीतरी सुचव. तू शिकलेली आहेस.

भुवनेश्वरी


जळकोट
८ मार्च

शिवरंजनी,

तुझं पत्र वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली. अर्ध्या तासात लिहायला बसलेय.

"अक्का, मी रविवारी येते. येरमाळ्याला जाऊन सांगते की चूक माझी, घाईत लाल भाजायचा राहिला. चिठ्ठीचं मी कधीच काढणार नाही. तुझ्यामाझ्यात राहील."

कोण गं तू? माझी चूक पदरात घेणारी कोण तू? देवी आहेस का? सात वर्षं तुला शिव्या घातल्या, चारचौघांत तुझं नाव काढलं की उठून जायचे, आणि तू माझ्या पापावर पांघरूण घालायला बसची सीट बुक करतेस? मी तुझे छत्तीस कप फोडले! तेव्हा माझी एक झिंजी उपटली असतीस, एक कप माझ्या डोक्यात घातला असतास, तर मला चाललं असतं. तू एक शब्द बोलली नव्हतीस. तुकडे गोळा करून, झाडून, मग गेलीस. ते मला आजवर गिळता आलं नाही. आता परत तेच करतेस. झाडू घेऊन येतेस माझ्या मागून.

तुझी दया नको मला. भीक नको पण कुत्रं आवर, तशातली गत.

आणि तुझ्या पत्रातली एक ओळ मला फार लागली. "ज्ञानूला तेवढं लवकर सोडव, अक्का, तिला वाटतंय तूही तिच्यावर संशय घेतेस." तुला ती हे फोनवर सांगते. मला सांगत नाही. मी तिला जेवायला वाढते आणि ती तुला सांगते.

संशय! मला कसला संशय येणार? मला तर सगळं ठाऊक होतं. तरी मी तिला विचारत होते. का विचारत होते मलाही धड कळत नव्हतं. आता कळतंय. मी विचारलं नसतं तर तिनं मला विचारलं असतं, आई, तुला कळत नाही का गं लाल कच्चा होता ते? तू तर या धंद्यातली. तिनं तोंड उघडायच्या आत मी तिला आरोपी करून ठेवलं. किती हलकट असावं माणसानं!

काल तिला विचारलं, तुला तिकडं जायचंय का? नसंल जायचं तर तसं सांग, मी आहे. तर म्हणाली, "जायचंय. ते चांगले आहेत. सासूबाईंनी पहिल्या दिवशी मला अभ्यासाला टेबल दिलं. पण खोटी ठरून न्हाई जाणार. कुणीतरी सांगू दे, मी न्हाई पुसलं म्हणून."

तू येऊ नको. सीट रद्द कर. माझी घाण मी काढते. आलीस तर दारातून परत पाठवीन, आधीच सांगून ठेवते.

सोमवारी जातेय ज्ञानूला घेऊन.

भुवनेश्वरी


जळकोट
१२ मार्च

शिवरंजनी,

जाऊन आले. नीट लिहिते, मधे थांबले तर परत लिहायची नाही.

सोमवारी सकाळच्या एसटीनं निघालो. धाराशिवला गाडी बदलली. ज्ञानू खिडकीशी. तिनं दोनदा विचारलं, "तिथं काय सांगणार आहेस, आई?" मी म्हटलं, बघ तू. तिला वाटलं असणार तुझ्या नावानं खडे फोडणार. मी तिला गाडीत सांगायला पाहिजे होतं. शेजारी माणसं होती म्हणून नाही सांगितलं, असं मी स्वतःला सांगितलं.

येरमाळ्यात नीलम्मांनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या. गौरीशंकर दुकानातून आले, हात काळे, तसेच दाराशी उभे. चुलतसासूही आलीच, ती कशाला चुकवेल. ज्ञानू स्वयंपाकघराच्या दाराला टेकून.

मी पिशवीतून दोन बश्या काढल्या. दोन्हीवर शनिवारी मीच लाल रंगात ज्ञानेश्वरी लिहिलं होतं. एक भट्टीत भाजलेली, एक नुसती वाळवलेली. नीलम्मांकडं लिंबू आणि गरम पाणी मागितलं. त्यांना वाटलं बाई सरबत करतेय का काय. दोन्ही बश्यांवर लिंबू चोळलं, गरम पाणी ओतलं, पदरानं पुसलं. भाजलेल्या बशीवर नाव तसंच. दुसरीचा सगळा लाल पदराला.

नीलम्मांनी माझा पदर हातात घेऊन बघितला. मग बशी उन्हात नेऊन बघितली. लई बारकाईनं बघतात त्या.

"म्हंजी घासनीनं गेलं न्हाई हे."

"न्हाई. साध्या हातानं बी जातं. रंग कच्चा होता."

"मग पोरीनं खरवडलं न्हाई."

"न्हाई."

चुलतसासू म्हणाली, "मग कच्चा कुनी ठिवला? त्या पुन्याच्या मावशीनं?"

रंजू, माझ्या तोंडात व्हय आलं होतं. खोटं नाही सांगत. जिभेच्या टोकाला आलं होतं. तुझं नाव घ्यायची इतक्या वर्षांची सवय.

मी म्हटलं, "म्या ठिवला." आणि ब्लाऊजमधून तुझी चिठ्ठी काढून गौरीशंकरांना दिली, मोठ्यानं वाचा म्हटलं. त्यांनी वाचली. 'तुझ्याशिवाय कुणाला सांगू' ही ओळ त्यांनी दोनदा वाचली.

मग मी सगळं बोलले. भट्टी रिकामी होती. मिनाज लावते म्हणाली होती. बहिणीवरचा राग होता. वाटलं रुखवताचं आहे, कोण जेवतंय. नीलम्मा ऐकत होत्या. मला वाटलं आता उठवतील. त्या म्हणाल्या, "रुखवताला कुनी जेवत न्हाई हे खरं हाय. माझ्या बी डोक्यात आलं नसतं. ती चूक म्या धरत न्हाई." मग विचारलं, "पन इहीनबाई, हे तुमाला कवापासनं म्हाईत हुतं?"

मी म्हटलं, "पहिल्या दिवसापासनं. पोरगी प्लेट घिऊन दारात आली तवापासनं."

गौरीशंकर आत गेले आणि ज्ञानूपुढं उभे ऱ्हायले. "माझं चुकलं," म्हणाले, "मी विचारायला पायजे हुतं." सगळ्यांसमोर म्हणाले. तेवढं सोनं आहे पोरगं. नीलम्मांनी चुलतसासूकडं नुसतं बघितलं, तर ती उठून गेली. माझ्या पोरीचं नाव त्या घरात धुवून निघालं. जे करायला गेले ते झालं.

निघताना ज्ञानू मला स्टॅण्डपर्यंत सोडायला आली. मला वाटलं गळ्यात पडेल. म्हणाली, "आई, तेवीस दिवस मी तुझ्या हातचं खाल्लं. तू वेणी घालताना विचारायचीस, खरं सांग बाळा. मी झोपले की मनात म्हणायची, आईला पण वाटतंय म्हणजे मीच झोपेत केलं असंल काय? मला माझंच खरं वाटंना झालं होतं, आई."

मी तिचा हात धरला. तिनं काढून घेतला, हिसका देऊन नाही, सावकाश. "सासरच्यांनी संशय घेतला, त्यांना म्हाईत नव्हतं. तुला म्हाईत होतं." गाडी आली. तिनं माझी पिशवी वर दिली आणि गाडी सुटेपर्यंत थांबलीही नाही.

तेव्हापासून मी रागानं फणफणतेय आणि राग काढायला समोर कुणी नाही. मिनाजवर काढून झाला, तुझ्यावर सात वर्षं काढला. भट्टीपुढं बसते, पाटीकडं बघते. अप्पांच्या नावाला जपायला निघाले होते मी! दुकानात अजून गाड्या थांबतात. कुणाला काय पडलंय.

आज ज्ञानूच्या नणंदेचा निरोप आला. पाडव्याला आपल्याकडं लेकीच्या घरी माहेरचं माणूस साखरेची गाठी घेऊन जातं. यंदा तिचा पहिला पाडवा. ज्ञानूनं सांगितलंय, माहेरचं म्हणून मावशीनं यावं. आईनं सध्या येऊ नये.

सध्या म्हणालीय. मी तीनदा विचारून घेतलं, सध्या म्हणाली का कधीच म्हणाली.

तर तू जा. तीस तारखेला पाडवा आहे. आधी इथं ये, गाठी आणि साडी मी आणून ठेवते, ती घेऊन जा. दारातून परत पाठवीन असं लिहिलं होतं, ते राहू दे. जेवून जा.

तिथं ती माझ्याबद्दल बोलेल. तुझ्यापाशी बोलेल, माझ्यापाशी नाही बोलायची. काय बोलते ते परत येताना मला सांग. शिवी दिली तर शिवी सांग. रडली तर कितीदा रडली ते सांग. मला बरं वाटावं म्हणून त्यातला एक शब्द जरी गाळलास ना रंजू, तर माझ्याशी गाठ आहे.

अक्का